वणव्यातला पारा: आकडा आला कुठून?

जगभरातल्या वणव्यांमधून आणि जाळल्या जाणाऱ्या रानांमधून दरवर्षी साधारण ६७५ टन पारा हवेत जातो. पाऱ्यावरच्या बऱ्याच शोधनिबंधांच्या सुरुवातीलाच हा किंवा याच्या आसपासचा आकडा तुम्हाला भेटेल. आपण तो वाचतो, वहीत टिपतो आणि पुढे जातो. पण जरा विचार करा. वणवा कुठे लागणार हे आधी कळत नाही. धूर शेकडो किलोमीटर पसरतो. आणि त्या धुरात पारा असतो तो एका घनमीटरमागे काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. मग हे ६७५ टन मोजले कोणी, आणि कशाने?

खरं सांगायचं तर ते थेट कोणीच मोजलेले नाहीत. कोणी प्रयोगशाळेत पालापाचोळा जाळला, कोणी धुरात विमान घातलं, कोणी जळालेली माती खणली, कोणी उपग्रहाच्या चित्रांवरून जळालेलं क्षेत्र काढलं. या सगळ्यांचा गुणाकार म्हणजे हा आकडा. तो कसा जमत गेला हे आज बघू. संशोधनाच्या तयारीत असताना हा इतिहास वाचण्यासारखा आहे, कारण यातली प्रत्येक पायरी म्हणजे कोणीतरी आधीच्या गुणाकारातल्या एका पदावर घेतलेली शंका आहे.

पारा जंगलात येतो कसा?

झाडं पारा तयार करत नाहीत. तो मूलद्रव्य आहे, बाहेरूनच येतो. कोळसा जाळल्यावर, धातू गाळताना, सोनं काढताना आणि ज्वालामुखीतून तो वायूच्या रूपात हवेत जातो. हा वायुरूप पारा हवेत काही महिने टिकतो, म्हणून एका खंडातला पारा दुसऱ्या खंडावर सहज पोहोचतो. उत्तर गोलार्धातल्या स्वच्छ हवेतही घनमीटरमागे साधारण दीड नॅनोग्रॅम पारा सापडतो. संशोधक याला पार्श्वभूमी पातळी म्हणतात.

पानं श्वसनरंध्रांतून हवा आत घेतात, तिच्याबरोबर पाराही आत जातो आणि बराचसा तिथेच अडकतो. पान जितकं जुनं, तितका त्यात पारा जास्त. पान गळलं की तो पालापाचोळ्यात येतो, पालापाचोळा कुजला की मातीत जातो, आणि तिथे सेंद्रिय पदार्थांतल्या गंधकाला धरून बसतो. म्हणून जंगलातला बहुतेक पारा झाडांवर नसतो, मातीत असतो. हे लक्षात ठेवा, पुढे सगळा वाद इथेच येऊन अडतो.

आता या जंगलाला आग लागली. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो आणि वणव्याच्या ज्वाळा त्याहून कितीतरी जास्त तापतात. वर्षानुवर्षं साठलेला पारा काही मिनिटांत पुन्हा हवेत. इथवर कोणाचंच दुमत नाही. प्रश्न फक्त ‘किती’ हा आहे.

दोन शोधनिबंध, एक सामाईक नाव

१९८० साली वोल्फगांग झायलर आणि पॉल क्रुट्झेन यांनी एक सोपं सूत्र मांडलं. आगीतून किती पदार्थ हवेत गेला हे काढायचं तर किती क्षेत्र जळालं, दर हेक्टरी जळण्याजोगं काय आणि किती होतं, आणि त्यातलं खरोखर किती जळालं, यांचा गुणाकार करा. त्या वेळी त्यांचं लक्ष कार्बनवर होतं. आजही वणव्यांची बहुतेक सगळी आकडेमोड याच सूत्रावर चालते. फक्त शेवटी आणखी एक पद जोडायचं: जळालेल्या दर किलोमागे अमुक पदार्थ किती सुटतो. यालाच उत्सर्जन गुणांक म्हणतात.

गंमत बघा. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, अटलांटिक महासागरावरच्या हवेत उत्तरेकडून दक्षिणेकडे पारा कसा बदलतो यावर एक निबंध आला. त्याच्या लेखकांत फ्रान्झ स्लेमर यांच्याबरोबर हेच झायलर होते. आगीचं सूत्र आणि हवेतला पारा मोजायचं कसब, दोन्ही एकाच वर्तुळात हजर होतं. तरी वणव्याच्या धुरातला पारा नीट मोजला जायला आणखी जवळजवळ वीस वर्षं जावी लागली.

एक कारण उपकरणाचं. पारा मोजायला सोनं वापरतात. घरात थर्मामीटर फुटला की मोठी माणसं आधी अंगठी काढून ठेवायला का सांगतात? पारा सोन्याला चिकटतो म्हणून. उपकरणातही तेच: हवा सोन्यावरून जाऊ द्यायची, पारा सोन्याला चिकटतो, मग सोनं तापवून तो सोडवायचा आणि २५३.७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तो किती चमकतो ते मोजायचं. पूर्वी हे हाताने करावं लागे आणि एका नमुन्याला बराच वेळ जाई. १९९० च्या दशकात हेच काम आपोआप करणारी यंत्रं आली. त्यांत सोन्याच्या दोन नळ्या असतात. एक हवा ओढत असते तेव्हा दुसरी मोजली जाते, आणि दर पाच मिनिटांनी एक आकडा मिळतो. पाच मिनिटं या मुद्द्यावर आपण परत येणार आहोत.

वादाला तोंड फुटलं

१९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये वेइगा आणि सहकाऱ्यांचं एक छोटं टिपण आलं. ॲमेझॉनमधल्या पाऱ्याचा दोष तोवर मुख्यतः सोनं काढणाऱ्यांवर जात होता. या लेखकांनी म्हटलं की जंगल तोडून जाळण्यातूनही मोठ्या प्रमाणात पारा सुटत असला पाहिजे. पुढच्याच वर्षी ब्राझीलचे लासेर्दा यांनी त्याच नियतकालिकात हरकत घेतली: हा अंदाज फार जास्त आहे.

दोन्ही बाजूंकडे झाडांत किती पारा असतो याचे अंदाज होते. धुराचं प्रत्यक्ष मोजमाप मात्र नव्हतं. आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत खाली गावात मोजली जाते. नदीतल्या माशांत पारा वाढला, तर तो खाणीतून आला की जाळलेल्या रानातून, यावर उपाय कुठे करायचा हे ठरतं.

जाळून बघितलं तेव्हा

पहिलं ठोस उत्तर आलं २००१ मध्ये. अमेरिकेतल्या बोल्डरच्या राष्ट्रीय वायुमंडलीय संशोधन केंद्रातले हान्स फ्रीडली आणि सहकाऱ्यांनी सात ठिकाणचा पालापाचोळा आणि हिरवी पानं गोळा केली आणि मॉन्टाना राज्यातल्या मिसुला इथल्या आगीवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत जाळली. जाळण्याआधी त्यात दर ग्रॅममागे १४ ते ७१ नॅनोग्रॅम पारा होता. जाळल्यावर जवळपास सगळाच सुटला. राखेत नगण्य उरला. सुटलेला बहुतेक पारा वायुरूप होता आणि थोडा धुराच्या कणांना चिकटलेला.

या एका प्रयोगाने सूत्रातलं एक पद सोपं झालं. किती टक्के सुटतो ही चिंताच उरली नाही. जेवढा जळण्यात होता तेवढा गेला असं धरायचं. वहीवर करून बघा. समजा एका हेक्टरवर पाच टन पालापाचोळा जळाला आणि त्यात दर ग्रॅममागे ५० नॅनोग्रॅम पारा होता. उत्तर येईल पाव ग्रॅम. हेक्टरी पाव ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण दहा लाख हेक्टर जळाले की २५० किलो होतात.

साधारण त्याच सुमारास दुसरा रस्ता उघडला, तोही योगायोगाने. दक्षिण आफ्रिकेत केप पॉइंटला जागतिक हवानिरीक्षणाचं एक केंद्र आहे. समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा मोजायला ते उभारलं. जानेवारी २००० मध्ये केप द्वीपकल्पात मोठी आग लागली आणि धूर थेट केंद्रावर आला. यंत्रं चालू होतीच. ब्रुंके, लाबुशान्ये आणि (पुन्हा एकदा) स्लेमर यांनी पाहिलं की कार्बन मोनॉक्साइड वाढला की त्याच प्रमाणात पारा वाढतो. एक कोटी कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंमागे पाऱ्याचे साधारण दोन अणू.

हे प्रमाण फार कामाचं आहे. धूर पसरत जातो, विरळ होतो, पण दोन्ही वायू एकत्रच विरळ होतात, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर टिकतं. म्हणजे आगीजवळ जाण्याची गरजच नाही. जुलै २००२ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या वणव्यांचा धूर अमेरिकेच्या ईशान्य भागावर आला. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधन-जंगलात बसून सिग्लर आणि सहकाऱ्यांनी त्या दूरच्या आगीचं हेच गुणोत्तर काढलं. पुढचं काम सोपं वाटतं: वणव्यांतून एकूण कार्बन मोनॉक्साइड किती निघतो याचे अंदाज आधीच आहेत, त्याला गुणोत्तराने गुणलं की पारा मिळाला.

सोपं वाटतं, पण यात एक खोच आहे. कार्बन मोनॉक्साइड आग कशी जळते त्यावर ठरतो. ज्वाळा भडकल्या की कमी, आग धुमसत राहिली की जास्त. पारा मात्र जळणात किती साठला होता त्यावर ठरतो. म्हणून एकाच जंगलातली आग सकाळी भडकली आणि संध्याकाळी धुमसली तरी गुणोत्तर बदलू शकतं. शिवाय दूरवरून आलेल्या धुरात वाटेतल्या शहरांचा कार्बन मोनॉक्साइड आणि पाराही मिसळतो. गुणोत्तराच्या पद्धतीत ‘पार्श्वभूमी किती धरली’ हा निर्णय संशोधकाचा असतो आणि उत्तर त्याबरोबर हलतं. असा निबंध वाचताना निष्कर्षाच्या आधी हे वाक्य शोधा.

विमान आणि पाच मिनिटं

मग सरळ धुरातच का जाऊ नये? गेले की. ऑगस्ट २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या वणव्यांवर फ्रीडली यांच्या गटाने विमानातून मोजणी केली. युरोपीय संशोधकांच्या ‘कॅरिबिक’ प्रकल्पाने तर लुफ्तान्साच्या प्रवासी विमानाच्या मालकक्षात यंत्रांनी भरलेला कंटेनर बसवला, आणि २००५ मध्ये दक्षिण अमेरिकेवरून उडताना तिथल्या आगींचा पारा त्यात पकडला गेला.

आता ती पाच मिनिटं आठवा. सेकंदाला १०० मीटर वेगाने उडणारं विमान पाच मिनिटांत ३० किलोमीटर जातं. धुराचा पट्टा त्याहून अरुंद असू शकतो. म्हणजे एका आकड्यात दाट धूर, विरळ धूर आणि बाहेरची स्वच्छ हवा या सगळ्यांची सरासरी. कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र दर सेकंदाला आकडा देतं, पाऱ्याचं मिनिटांनी. दोघांची सांगड घालण्यात बरीच मेहनत जाते. २०१८ च्या जूनमध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या वणव्यावर मॅकलॅगन आणि सहकाऱ्यांनी विमानातून मोजमाप केलं. २०२१ च्या त्यांच्या निबंधात मोजणीइतकंच महत्त्व त्यांनी दुसऱ्या एका गोष्टीला दिलंय: एका वणव्याच्या मोजमापावरून सगळ्या उत्तरी जंगलांचा आकडा काढताना कोणती पद्धत निवडली, यावर उत्तर किती बदलतं.

पायाखालची जमीन

आत्तापर्यंत सगळे वर बघत होते. २००६ मध्ये मेरिट ट्युरेट्स्की आणि सहकाऱ्यांनी खाली बघितलं. कॅनडाच्या उत्तरेला पीट नावाचे दलदलीचे थर आहेत. थंड पाण्यात मेलेल्या वनस्पती नीट कुजत नाहीत आणि हजारो वर्षं एकावर एक साठत जातात. गंधक धरून बसणारा भरपूर सेंद्रिय पदार्थ असल्यामुळे हे थर पाऱ्याचं कोठारच झालेत. ओले असतात तोवर ते सहसा जळत नाहीत. हवामान तापलं, थर सुकले की मात्र आग जमिनीत शिरते आणि आठवडेच्या आठवडे धुमसते. त्यांचा हिशोब असा होता की पीट धरलं, तर उत्तर ध्रुवाभोवतीच्या जंगलपट्ट्यातून सुटणारा पारा फक्त उंचावरची कोरडी जंगलं धरून काढलेल्या आकड्याच्या १५ पट होऊ शकतो.

१५ पट! यंत्रात काही चूक नव्हती. मिसुलाला पालापाचोळा जाळला होता, त्याचं उत्तर त्या पालापाचोळ्यापुरतं बरोबरच होतं. त्यात जमीन नव्हती, एवढंच.

पुढच्याच वर्षी रॉकी पर्वतातल्या जळालेल्या जंगलांवर अबीर बिस्वास आणि सहकाऱ्यांचं काम आलं. त्यांची पद्धत वेगळी: जळालेल्या आणि शेजारच्या न जळालेल्या जागेतल्या मातीत पारा मोजायचा, फरक म्हणजे जो उडून गेला तो. झाडांचा प्रकार आणि आगीची तीव्रता यांनुसार हा फरक बदलतो, असं त्यांना दिसलं. आग न लागलेली खोलवरची मातीसुद्धा तापते, आणि पारा उडायला माती जळावी लागत नाही, तापली तरी पुरते. या पद्धतीचं गृहीतक मात्र विसरू नका: आगीआधी दोन्ही जागा सारख्याच होत्या. आग एका जागी लागली आणि शेजारी नाही, यामागे काही कारण असेल तर? उतार, ओलावा, झाडोरा? मग तुलना तिथेच डळमळते.

दोन बेरजा, दोन नकाशे

उपग्रहांमुळे जळालेल्या क्षेत्राचे जागतिक अंदाज महिन्याच्या हिशोबात मिळू लागले आणि सूत्रातलं पहिलं पद भरलं. २००७ मध्ये क्रिस्टीन विडिनमायर आणि फ्रीडली यांनी अमेरिकेचा हिशोब मांडला: वर्षाला सुमारे ४४ टन, पण २० ते ६५ च्या दरम्यान कुठेही. २००९ मध्ये फ्रीडली आणि सहकाऱ्यांनी १९९७ ते २००६ या काळासाठी जगाचा आकडा काढला. तोच आपला ६७५. पूर्ण लिहिला तर ६७५, कमी-जास्त २४०. वहीत टिपताना नेमका हाच भाग गळतो.

२०१८ मध्ये कुमार आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धतीने पुन्हा हिशोब केला. उत्तर आलं ६१२ टन. वाटेल, वा, जुळलं की! पण नकाशे शेजारी ठेवा. २००९ च्या हिशोबात सर्वांत जास्त पारा उष्ण कटिबंधातल्या आणि उत्तरेकडच्या आशियातून येतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका नंतर. २०१८ च्या हिशोबात पहिला क्रमांक आफ्रिकेचा, एकूण पाऱ्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. बेरीज जवळजवळ सारखी, वाटणी वेगळी.

असं का होतं? आफ्रिकेत सर्वांत जास्त रान जळतं, पण ते बरंचसं गवत. गवत वर्षाकाठी उगवतं आणि जळतं, पारा साठायला त्याला वेळच मिळत नाही. आशियातलं पीट आणि उत्तरेकडची जंगलं क्षेत्रानं कमी, पण पाऱ्याने भरलेली. गवताला कोणता गुणांक लावला, माती धरली की नाही, यावर नकाशा पालटतो. एकूण आकडा जुळला म्हणून आतली पदं बरोबर आहेत असं होत नाही.

यात पणाला काय आहे?

मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. हवेतल्या उत्सर्जनासाठी करारात पाच प्रकारच्या स्रोतांची यादी आहे: कोळशावरची वीजकेंद्रं, कोळशावरचे औद्योगिक बॉयलर, काही धातूंचे कारखाने, कचरा जाळणारी केंद्रं आणि सिमेंट. वणवे त्या यादीत नाहीत, आणि असणार तरी कसे?

पण करार यशस्वी होतोय का, हे बघताना हवेतला, पाण्यातला आणि माशांतला पारा कमी झाला का ते पाहावं लागतं. समजा, वीजकेंद्रांतला पारा घटला आणि त्याच काळात वणवे वाढले. तळ्यातल्या माशांत फरक दिसला नाही, तर करार फसला म्हणायचं का? वणव्यांचा आकडा पक्का नसेल तर या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. आणि तळ्यावर, नदीवर जगणाऱ्या माणसांना उत्तराची वाट बघायला वेळ नसतो. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशांतून ताटात येतो, आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूला सर्वांत जास्त धोका असतो.

दुसरा धोका आकड्याच्या वापराचा. अमेरिकेचे ते ४४ टन म्हणजे तिथल्या उद्योगांच्या उत्सर्जनाच्या साधारण ३० टक्के. हे ऐकून कोणीही म्हणेल, निसर्गच एवढा पारा सोडतो तर कारखान्यांच्या मागे कशाला लागता? पण पानांत पारा आला कुठून? बराचसा त्याच चिमण्यांतून, गेल्या काही शतकांत. वणवा नवा पारा आणत नाही, आपलंच जुनं देणं पुन्हा बाजारात आणतो. कारखान्यातून सुटलेला प्रत्येक ग्रॅम असा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, म्हणून तो मुळातच न सोडणं महत्त्वाचं.

तुमच्या कामासाठी

आपल्याकडे मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पानगळी जंगलांत उन्हाळ्यात आगी लागतात. मोहफुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तीच आग पसरते. या आगी बहुतेक जमिनीलगतच्या: पाचोळा जळतो, सागाचे शेंडे शाबूत राहतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे या आगींच्या सूचना देते, म्हणजे ‘कुठे आणि कधी’ हे पद काही प्रमाणात हाताशी आहे.

आता गुणांक कुठला लावाल? उत्तरेकडच्या सूचिपर्णी झाडांची सुई काही वर्षं झाडावर राहते आणि पारा साठवत जाते. सागाचं पान एका मोसमात गळतं. तिथला गुणांक इथे आणून बसवला तर उत्तर नक्की येईल, ते इथलं असेल याची खात्री मात्र नाही. म्हणून सुरुवात साध्या कामाने करता येईल: एकाच जागेतला आगीआधीचा पाचोळा, त्याचं दर चौरस मीटर वजन, त्यातला पारा, त्याखालच्या पहिल्या काही सेंटिमीटर मातीतला पारा, आणि आगीनंतर तेच सगळं परत. जागा आधीच आखून ठेवायची, म्हणजे ‘शेजारची जागा सारखीच होती’ हे गृहीतक धरावं लागत नाही. संशोधन आराखड्यात यातलं कोणतं पद तुम्ही स्वतः मोजणार आणि कोणतं उसनं घेणार, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा दुसऱ्या रकान्यावरच येईल.